एका शिट्टीचा वाद १०० वर्षं पुरला, तो रग्बीचा रेफरी जॉन डॅलस कोण होता?

रनआऊट अगदी काठावरचा असला की आज अंपायर हवेत चौकोन काढतो आणि पुढचं काम कॅमेऱ्यावर सोपवतो. जॉन डॅलसकडे ही सोय नव्हती. १९०५ साली त्याने डोळ्यांनी जे पाहिलं त्यावर निर्णय दिला आणि तो रग्बीतल्या एका जुन्या वादाचा मानकरी ठरला.

डॅलसचा जन्म १८७८ चा, स्कॉटलंडमधला. तो वॉटसोनियन्स क्लबकडून खेळायचा. स्कॉटलंडच्या संघात त्याला एकच सामना मिळाला, १९०३ साली इंग्लंडविरुद्ध. त्यात त्याने 'ट्राय' केला आणि स्कॉटलंड जिंकलं. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेवर किंवा तिच्या पलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. पुढे याच ट्रायने त्याची पाठ सोडली नाही.

खेळाडू म्हणून कारकीर्द आटोपली आणि डॅलस रेफरी झाला. १९०५ मध्ये न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर आला होता आणि समोर येईल त्याला हरवत सुटला होता. १६ डिसेंबरला कार्डिफमध्ये त्यांची गाठ वेल्सशी होती. रेफरी कोण, यावर दोन्ही बाजूंचं जमेना. शेवटी स्कॉटलंडच्या रग्बी संघटनेने डॅलसचं नाव दिलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता, म्हणजे न्यूझीलंडचा कर्णधार डेव्ह गॅलहरपेक्षाही लहान.

टेडी मॉर्गनच्या ट्रायमुळे वेल्स ३-० ने पुढे होतं. दुसऱ्या हाफमध्ये न्यूझीलंडचा बॉब डीन्स चेंडू घेऊन गोलरेषेकडे झेपावला. वेल्सच्या खेळाडूंनी त्याला धरलं. डॅलस मागून धावत आला तेव्हा चेंडू रेषेच्या काही इंच अलीकडे होता. त्याने ट्राय नाकारला.

डीन्सचं म्हणणं होतं की त्याने रेषेपलीकडे चेंडू टेकवला होता आणि वेल्सच्या खेळाडूंनी त्याला मागे ओढलं. त्याने 'डेली मेल'ला तारही पाठवली. डॅलस साध्या कपड्यांत आणि खिळे नसलेल्या बुटांत आला होता, म्हणून तो खेळाच्या मागे पडला, असा न्यूझीलंडच्या पाठीराख्यांचा आक्षेप होता. डॅलस मात्र निर्णयावर ठाम राहिला.

हा ट्राय दिला असता तर ३-३ अशी बरोबरी झाली असती. त्यानंतरची किक गोलपोस्टमधून गेली असती तर आणखी २ गुण मिळून न्यूझीलंड जिंकलं असतं. पण निकाल ३-० असाच लागला. ३५ सामन्यांच्या त्या दौऱ्यात न्यूझीलंडचा हा एकमेव पराभव ठरला, म्हणूनच तो त्यांच्या इतका जिव्हारी लागला.

डीन्स १९०८ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेला. अपेंडिक्सच्या आजाराने त्याचा बळी घेतला. त्यानंतर तर न्यूझीलंडमध्ये त्या ट्रायची दंतकथाच झाली.

या वादाने डॅलसचं करिअर मात्र संपलं नाही. त्याने पुढेही आंतरराष्ट्रीय सामन्यांत शिट्टी हातात घेतली, स्कॉटलंडच्या रग्बी संघटनेचं अध्यक्षपद भूषवलं. पेशाने तो वकील होता. पुढे अ‍ॅबर्डीनच्या कोर्टात तो न्यायाधीश झाला. तिथे निकाल देण्याआधी दोन्ही बाजू ऐकायला वेळ मिळायचा. कार्डिफच्या मैदानावर त्याला मिळाले होते फक्त काही क्षण.

१९४२ मध्ये डॅलसचं निधन झालं. त्या ट्रायचं ना चित्रीकरण आहे, ना रिप्ले. त्यामुळे डॅलस बरोबर होता की डीन्स, हे आता कुणीच सिद्ध करू शकत नाही.