फाळके : उन्हाच्या मर्जीवर जगलेला छायाचित्रकार

कुरुळी, प्रतिनिधी

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर मोशी मागे टाकली, इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. कारखान्यांच्या पत्र्यांमधून अजून थोडे माळरान शिल्लक आहे. रविवारी दुपार कलली की या माळावर लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घ्यायला येतात. छायाचित्रकाराचा हरकाम्या मुलगा चंदेरी कापडाची गोल तबकडी हातात धरून उभा असतो आणि मावळतीचे ऊन त्या तबकडीवरून नवरीच्या गालावर परतवत असतो. ढग आला की सगळे थांबतात. ढग सरला की पुन्हा धावपळ सुरू होते.

हाच रस्ता जिथे संपतो त्या नाशिकमध्ये १६ फेब्रुवारी १९४४ रोजी एका वृद्धाचे निधन झाले. धुंडिराज गोविंद फाळके हे त्यांचे नाव. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे पुतळे उभे राहिले, पुरस्काराला त्यांचे नाव लाभले. पण त्या पुतळ्यांच्या गर्दीत एक माणूस हरवला. तो म्हणजे उन्हात माणसांचे चेहरे टिपून पोट भरू पाहणारा आणि त्यात सपशेल अपयशी ठरलेला छायाचित्रकार फाळके. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते त्यांचे पुढचे सारे कर्तृत्व या अपयशी छायाचित्रकाराकडे पाहिल्याशिवाय उमगत नाही.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलानेही पोथी हाती घ्यावी अशीच घरची रीत. परंतु मुलाचा ओढा चित्रांकडे. वडिलांना अध्यापनानिमित्त मुंबईस यावे लागले आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्यास जाऊन १८९० मध्ये त्यांनी कलाभवनात प्रवेश घेतला. तैलरंग, जलरंग, शिल्प, वास्तुकला असे जे जे शिकण्यासारखे होते ते शिकले. त्याच वर्षी त्यांनी छायाचित्रणाचा कॅमेरा विकत घेतला. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी या विद्यार्थ्यातील चिकाटी ओळखून संस्थेची छायाचित्रशाळा आणि अंधारखोली त्यांच्या हवाली केली. एवढेच नव्हे तर तिरंगी ठसे बनविण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांना रतलामलाही धाडले.

त्या काळातील छायाचित्रण म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाला थोडे सांगावे लागेल. विजेचे दिवे छायाचित्रकाराच्या कामाचे नव्हते. बहुतेक गावांत ते नव्हतेच. स्टुडिओ म्हणजे उत्तरेकडे मोठी काचेची खिडकी किंवा काचेचे छप्पर असलेली खोली. आपल्याकडे वर्षातील बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या काचेतून कडक ऊन आत न येता मऊ, स्थिर उजेड येतो. तोही जास्त झाला तर पातळ पडदे ओढायचे आणि चेहऱ्याची सावलीतली बाजू काळी पडू लागली तर त्या बाजूला पांढऱ्या कापडाची चौकट उभी करायची. गिऱ्हाइकाने डोळ्यांची पापणी न हलविता बसायचे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावण्याचीही पद्धत होती. जुन्या फोटोंमधले आपले पणजोबा एवढे करारी का दिसतात, त्याचे एक कारण स्वभाव आणि दुसरे हा लोखंडी आधार!

खरी कसोटी पुढेच होती. चित्र उमटायचे ते काचेवर. या काचांवरील लेपाला निळा रंग चटकन दिसे आणि तांबडा जवळपास दिसतच नसे. आकाश कोरे पांढरे येई, कुंकू काळे होई, तांबडा शालू कोळशासारखा उतरे आणि सावळा चेहरा मूळ रंगाहून अधिक काळवंडे. तांबडे त्या काचांना दिसत नसल्यामुळेच अंधारखोलीत तांबडा दिवा चाले. धुऊन निघालेल्या काचेवर चेहरा उलटा असे. गोरे ते काळे आणि काळे ते गोरे. मग कारागीर उजेडाकडे काच धरून अणकुचीदार शिसपेन्सिलीने डोळ्यांखालच्या रेघा, देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या भरून काढी. काचेवर पेन्सिल जिथे फिरली तिथे कागदावर उजळपणा येई. ती काच संवेदनशील कागदावर दाबून चौकट पुन्हा उन्हातच ठेवायची, तेव्हा कुठे प्रत निघे. म्हणजे चेहरा टिपणारे ऊन, प्रत काढणारेही ऊन. पावसाळ्याचे चार महिने या धंद्यात हात बांधून बसण्याचे.

हा धंदा फाळके यांनी १८९५ च्या सुमारास गोध्र्यात थाटला. हाती विद्या होती, सामान होते, फक्त गिऱ्हाईक नव्हते. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्याला लवकर मरण येते, अशी समजूत पसरली होती. ज्याचा चेहरा टिपायचा तोच समोर बसायला घाबरत असेल तर उत्तरेची खिडकी काय करणार? आणि मरण खरोखरच आले. पण ते कॅमेऱ्यातून नव्हे. प्लेगच्या साथीत फाळके यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस एकटा बडोद्यास परतला. तिथेही फोटोचा धंदा जमला नाही. मग नाटकांचे पडदे रंगव, जादूचे प्रयोग शिक, असे उद्योग चालू राहिले. फाळके हे नाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूगार म्हणून उभे राहत. काचेवरचा उलटा चेहरा रोज पाहणाऱ्याला असे नाव सुचावे यात नवल नाही.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वती झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखकाची नोकरी लागली. संसार मार्गी लागला असे वाटत असतानाच स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ मध्ये त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईसाठी लागणारे फोटोलिथोचे काम ते तेथे करीत. पुढे भागीदारीत हा व्यवसाय दादरला आला, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले, नाव झाले आणि मग भागीदारांशी बिनसले. नाराज फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळिशी पार.

१९११ च्या ईस्टरमध्ये गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी सहकुटुंब ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट. त्यानंतरचे कित्येक महिने मिळेल तो चित्रपट पाहायचा, रात्र रात्र जागून प्रयोग करायचे, झोप नाही, अशा दिनक्रमात त्यांची दृष्टीच गेली. ज्याचे भांडवलच डोळे, त्याला दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने ती परत मिळाली. शहाणा माणूस इथे थांबला असता. फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट पकडली.

लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांची त्यांनी ओळख करून घेतली. त्यांच्यामार्फत वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहिला. विल्यमसन बनावटीचा हाताने दांडा फिरवायचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, धुण्याचे आणि प्रती काढण्याचे सामान विकत घेतले आणि एप्रिलमध्ये ते घरी आले. आता भांडवल हवे होते, आणि ते देणाऱ्याला काहीतरी दाखवायला हवे होते. फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढेल तशी थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात दाण्याला कोंब फुटून वेल चढताना दिसली. एका रोपट्याचे हे उन्हातील व्यक्तिचित्रच म्हणायचे! गोध्र्यातील गिऱ्हाइकांप्रमाणे वाटाणा घाबरला नाही. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी तो पाहून पैसे दिले. उरलेले सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभे राहिले.

दादरच्या बंगल्याच्या आवारात ‘राजा हरिश्चंद्र’चे राजवाडे उभे राहिले ते उघड्या आकाशाखाली. कृत्रिम दिव्यांचा प्रश्नच नव्हता. ऊन चढले की काम सुरू, ऊन कलले की बंद. नटांच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या काळ्या सावल्या मोडण्यासाठी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत. सकाळी त्याच बाईंनी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केलेला असे आणि रात्री सगळे निजल्यावर काळोखात कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे कामही त्यांचेच. त्या काळी कोरी फिल्म भोके न पाडलेली येई आणि ती उजेडात उघडली तर सारा माल वाया. कॅमेऱ्याचा दांडा फिरविणारे त्र्यंबक तेलंग हे फाळके यांचे जुने मित्र. त्यांनाही ही विद्या फाळके यांनीच शिकवली. स्त्रीभूमिकेला स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहात स्वयंपाक करणारे साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र.

वनातील दृश्यांसाठी मंडळी वांगणीला गेली. तिथे लाकडी तलवारी घेतलेली ही टोळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले, हा किस्सा आता हसून सांगितला जातो. दुसरा किस्सा हसण्यासारखा नाही. खेळताना भालचंद्र खडकावर आपटून बेशुद्ध पडला. त्याला मुंबईस न्यावे तर काम बंद पडणार आणि ठरलेल्या दिवसांचे गणित कोसळणार. रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य तेव्हा बाकी होते. ते त्या बेशुद्ध मुलावरच चित्रित केले गेले, असे सांगितले जाते. प्लेगमध्ये एक मूल गमावलेल्या बापाने त्या घडीला कॅमेऱ्यामागून काय पाहिले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. ध्येयनिष्ठेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग भाषणांतून ऐकविला जातो. या प्रतिनिधीला मात्र तो ऐकताना दर वेळी अस्वस्थ व्हायला होते.

चित्रित झालेली फिल्म घरच्याच अंधारखोलीत धुतली जाई. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन येईपर्यंत थांबायचे. मग फाळके ती पट्टी उजेडाकडे धरून बोटांनी सरकवीत पाहत, नको तो भाग कात्रीने कापत, हवा तो जोडत, मध्ये मजकुराच्या पाट्या घालत. काचेवर पेन्सिल फिरविणाऱ्या हाताला हे काम परके नव्हते. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे वर्षभर आधी, प्रदर्शित झाला होता आणि पहिला मान कोणाचा हा वाद आजही घातला जातो. पण ‘पुंडलिक’चा कॅमेरा परदेशी माणसाने चालविला आणि त्याची फिल्म धुण्यासाठी विलायतेस गेली. फाळके यांच्या घरात मात्र भोके पाडण्यापासून शेवटच्या सांध्यापर्यंत सगळे झाले. सहा महिने सत्तावीस दिवसांत सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

त्यानंतर फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलविले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई गोखले आणि त्यांच्या आई दुर्गाबाई पडद्यावर आल्या. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनीच राम आणि सीता दोन्ही रंगविले. त्याच वर्षीचा ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा माहितीपट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आज पडद्यामागच्या चित्रफितींचा सुकाळ आहे, पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फाळके यांनी स्वतःच पडदा बाजूला सारून आपला कारखाना लोकांना दाखविला होता. त्यातील शिल्लक राहिलेल्या तुकड्यात ते स्वतः फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना दिसतात. सरस्वतीबाईंच्या वाट्याला मात्र ना श्रेयनामावली आली ना पुतळा.

उत्तरायुष्य थोडक्यात सांगता येईल, कारण ते सुखाचे नाही. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले, फाळके रुसून काशीस गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि पुन्हा परतले. दरम्यान चित्रपट बोलू लागला. कामाची जागा उघड्या आवारातून बंद, दिव्यांनी उजळलेल्या स्टुडिओत गेली. उन्हाची नाडी ओळखणाऱ्या माणसाची तिथे कोणाला गरज उरली नाही. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

फाळके यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे आज हाती उरले आहेत. जे आहेत त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेला १९१९ चा ‘कालियामर्दन’ आहे. कृष्णाची भूमिका केली ती फाळके यांची मुलगी मंदाकिनी हिने. कथा सुरू होण्यापूर्वी कॅमेरा या सहा-सात वर्षांच्या मुलीच्या अगदी जवळ जातो. मुकुट नाही, मोरपीस नाही. नुसता चेहरा. ती एकामागून एक भाव दाखवीत जाते, आणि मग हळूहळू विरत तिच्या जागी कृष्ण येतो. उन्हात काढलेले हे मुलीचे चित्र आहे. गोध्र्याच्या स्टुडिओत जे गिऱ्हाईक कधी आले नाही, ते इथे निर्धास्तपणे कॅमेऱ्याकडे पाहत बसलेले आहे.