न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : वकिली आणि समाजसेवा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडले की रस्त्यापलीकडे अंजुमन-ए-इस्लामची भव्य दगडी इमारत नजरेस पडते. रोज हजारो प्रवासी तिच्यासमोरून जातात. ती कोणी उभारली याची चौकशी मात्र फार थोडे करतात. ती उभारणाऱ्यांत एक सॉलिसिटर होता आणि एक बॅरिस्टर. हे दोघे सख्खे भाऊ होते. थोरले कमरुद्दीन तय्यबजी आणि धाकटे बद्रुद्दीन. कायद्याचे शिक्षण घेतलेला माणूस आपली विद्या केवळ अशिलासाठी न वापरता समाजासाठी खर्ची घालू लागला तर काय घडते, हे पाहायचे असेल तर बद्रुद्दीन तय्यबजींचे चरित्र वाचावे. आमच्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना त्याची ओळख व्हावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे खंबायतचे, सुलेमानी बोहरा जमातीचे. वडील मुल्ला तय्यब अली हे व्यापारी होते, पण त्यांची दृष्टी व्यापारापुरती मर्यादित नव्हती. इंग्रजी शिकले की मुलगा धर्माला मुकतो, अशी समजूत त्या काळच्या मुसलमानांत सर्रास होती. अशा वेळी या गृहस्थाने आपल्या मुलांना शिक्षणासाठी समुद्रापार पाठवले. कमरुद्दीन इंग्लंडला गेले आणि १८५८ मध्ये तेथे सॉलिसिटर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

बद्रुद्दीन यांचे प्रारंभीचे शिक्षण मदरशात झाले. तेथे ते उर्दू आणि फारसी शिकले. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. मदरसा आणि इंग्रजी शाळा यांत त्यांनी कधी वैर मानले नाही, हे पालकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. १८६० मध्ये ते इंग्लंडला गेले, लंडनची मॅट्रिक उत्तीर्ण झाले आणि १८६३ मध्ये त्यांनी मिडल टेंपल येथे कायद्याच्या अभ्यासासाठी नाव घातले. परंतु डोळ्यांच्या विकाराने त्यांना गाठले. दृष्टी इतकी अधू झाली की १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून मुंबईस परतावे लागले. दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देऊन घरच्या पेढीवर बसला असता. बद्रुद्दीन वर्षभराने पुन्हा लंडनला गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला सुरुवात केली. उच्च न्यायालय स्थापन होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती आणि तेथील बॅरिस्टरांत एकही हिंदी माणूस नव्हता. बद्रुद्दीन हे पहिले. हा मार्ग किती अवघड होता हे समजण्यासाठी त्या वेळची पद्धत माहीत हवी. मूळ शाखेतील दाव्यांत अशील थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. तो सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरकडे काम सोपवी. मोठ्या पेढ्या इंग्रजांच्या होत्या. इंग्रज बॅरिस्टर समोर असता हिंदी माणसाला काम कोण देणार? अशा वेळी थोरल्या भावाची सॉलिसिटरी धाकट्याच्या उपयोगी पडली. परंतु भावाच्या आधाराने दार उघडते, माणूस आत टिकतो तो स्वतःच्या गुणावर. कागदपत्रांचा बारकाईने अभ्यास, मुद्देसूद मांडणी आणि शांत स्वभाव यांच्या बळावर बद्रुद्दीन यांनी काही वर्षांतच अव्वल दर्जाच्या वकिलांत स्थान मिळवले.

इतपत यश मिळवणारे पुष्कळ असतात. बद्रुद्दीन यांचे मोठेपण पुढच्या पायरीवर आहे. १८७१ मध्ये मुंबईत नगरपालिकेच्या कारभाराविरुद्ध करदात्यांची चळवळ सुरू झाली आणि हा तरुण बॅरिस्टर तीत सामील झाला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महानगरपालिका निर्माण झाली व त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. १८७३ मध्ये बद्रुद्दीन तिच्यावर निवडून आले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर आणि १८८२ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर त्यांची नेमणूक झाली.

याच काळात मुंबईत तीन वकील एकत्र आले. फिरोजशहा मेहता पारशी, काशीनाथ त्र्यंबक तेलंग हिंदू आणि बद्रुद्दीन तय्यबजी मुसलमान. हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार देणाऱ्या इल्बर्ट बिलावर १८८३ मध्ये गोऱ्या लोकांनी काहूर माजवले. तेव्हा २८ एप्रिल रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये जाहीर सभा झाली आणि हे तिघेही तीत बोलले. शिव्यांना शिव्यांनी उत्तर न देता कायद्याच्या आधारे बाजू मांडण्याची त्यांची रीत सर्वांच्या लक्षात राहिली.

एका सभेने काम भागत नाही, त्यासाठी कायमची संस्था हवी, हे या तिघांनी ओळखले. जुनी बॉम्बे असोसिएशन तोवर निस्तेज झाली होती. म्हणून त्यांनी पुढाकार घेऊन जानेवारी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. तीत व्यापारी होते, शेठसावकार होते, परंतु तिचा कणा वकिलांचा होता. सरकारी बिलांची छाननी करणे, अर्ज व निवेदने तयार करणे, लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालणे, ही सगळी वकिलांच्या हातखंड्याची कामे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पार्लमेंटची निवडणूक होती. तेथील मतदारांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठी नारायण गणेश चंदावरकर यांना मुंबईतर्फे पाठवण्यात आले. तेही वकीलच. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन पुण्यातील पटकीच्या साथीमुळे ऐनवेळी मुंबईत भरवावे लागले. तेव्हा व्यवस्थेचा भार उचलण्यात ही संस्था पुढे होती.

या पहिल्या अधिवेशनाला बद्रुद्दीन स्वतः हजर नव्हते. ते त्या वेळी खंबायतला होते. त्यावरून मुसलमान काँग्रेसपासून दूर आहेत असा गवगवा झाला. बद्रुद्दीन यांनी त्याचा जाहीर इन्कार केला. १८८७ मध्ये मद्रासच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष म्हणून त्यांची नोंद झाली.

हा मान सुखाचा नव्हता. अलीगढचे सर सय्यद अहमद खान आणि कलकत्त्याचे अमीर अली यांच्यासारख्या थोर मुस्लिम नेत्यांना काँग्रेसमध्ये जाणे घातक वाटत होते. बद्रुद्दीन यांनी त्यांच्याशी सविस्तर पत्रव्यवहार केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. जे प्रश्न सर्व हिंदवासीयांचे आहेत ते सर्वांनी मिळून सोडवावेत. मुसलमानांच्या हिताला बाधक अशी एखादी गोष्ट पुढे आलीच, तर आत राहून तिला विरोध करता येतो, बाहेर राहून नव्हे. एका समाजाच्या प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असेल तो विषय काँग्रेसने चर्चेस घेऊ नये, असा नियमही १८८८ मध्ये मान्य झाला. तरी मुस्लिम समाजातील विरोध शमला नाही. तो पाहून त्याच वर्षी बद्रुद्दीन यांनी ह्यूम साहेबांना कळवले की काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे तहकूब ठेवावीत. ही सूचना मानली गेली नाही. पण यावरून त्यांच्या मनावर किती ताण होता ते दिसते. देश आणि समाज यांपैकी एकाला सोडून दुसऱ्याला धरणे त्यांना कधीच मान्य नव्हते. दोहोंना धरून चालणाऱ्याला दोन्हीकडचे बोल ऐकावे लागतात. ते त्यांनी ऐकले आणि काम चालू ठेवले.

ते काम होते शिक्षणाचे. कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे, मुन्शी गुलाम महंमद आदी मंडळींनी मिळून १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. बद्रुद्दीन तिचे सचिव झाले. यातही कायद्याच्या विद्येचा उपयोग झाला. संस्था म्हणजे नुसता उत्साह नव्हे. तिला घटना लागते, हिशेब लागतो, सभेचा वृत्तांत लागतो, सरकारकडे अनुदानाचा नेटका अर्ज करावा लागतो. १८८० मध्ये अंजुमनची पहिली शाळा सुरू झाली. तीन शिक्षक आणि सव्वाशेच्या आतबाहेर मुले, एवढाच तिचा संसार होता. शाळेत धार्मिक शिक्षणाबरोबर आधुनिक विषय शिकवले जात. १८९० मध्ये बद्रुद्दीन अंजुमनचे अध्यक्ष झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. ज्या इमारतीचा उल्लेख आरंभी केला, तिचे उद्घाटन १८९३ मध्ये झाले.

१८९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. या पदावर आलेले ते पहिले मुसलमान. न्यायासनावर बसल्यावर त्यांनी राजकारण सोडले, परंतु निर्भयता सोडली नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. जामीन आधी नाकारण्यात आला होता. प्रकरण सेशन्सकडे गेल्यावर बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. तो ४ ऑगस्ट रोजी न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला. सरकारचा विरोध असतानाही त्यांनी जामीन मंजूर केला. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहावा हा जामिनाचा हेतू आहे, आणि त्याला बचावाची तयारी करता आली पाहिजे, हे साधे तत्त्व त्यांनी धरले. राजकीय मतांत टिळक आणि तय्यबजी यांच्यात मोठे अंतर होते. त्या अंतराचा निकालावर परिणाम झाला नाही. पुढे १९०२ मध्ये त्यांनी मुंबईचे हंगामी मुख्य न्यायाधीशपदही सांभाळले. तो मान मिळालेले ते पहिले हिंदी न्यायाधीश.

मुलींच्या शिक्षणाबाबत त्यांनी घरापासून सुरुवात केली. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. रूढ पडदा हा धर्माच्या आज्ञेपलीकडे गेलेला आहे आणि त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला खीळ बसते, असे त्यांनी तेथे स्पष्ट सांगितले. हे मत पुष्कळांना रुचणारे नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. दुसऱ्याच्या मुलींना उपदेश आणि आपल्या मुली घरात, असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

ऑगस्ट १९०६ मध्ये रजेवर लंडनमध्ये असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय बासष्टही पुरे झाले नव्हते.

मुंबईच्या त्या पिढीतील वकिलांनी कोर्टातली विद्या कोर्टाबाहेर आणली म्हणून शहराला महानगरपालिका लाभली, लोकांच्या गाऱ्हाण्यांना वाचा फुटली आणि गरीब मुलांना शाळा मिळाली. आज आपल्या प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात वकील संघ असतो आणि त्यात आपल्या समाजाची मुले-मुलीही दिसू लागली आहेत. या संघाने शाळेचा एखादा अर्ज तपासून द्यावा, विधवेला तिचा हक्क समजावून सांगावा, हुशार मुलाला शिष्यवृत्तीची वाट दाखवावी. एवढे जरी झाले तरी तय्यबजींचे स्मरण सार्थकी लागेल. कायद्याकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या यशाबरोबर ते १८६४ साल विसरू नये. अधू दृष्टीने घरी परतलेला तो वीस वर्षांचा मुलगा पुन्हा बोटीत चढला, म्हणून पुढचे सर्व घडले. अल्लाह आपल्या मुलांना तशी जिद्द देवो आणि पालकांना मुल्ला तय्यब अलींसारखी दृष्टी देवो.