टायबेरियस ग्रॅकस

ज्या शहरांत छापखाना नव्हता, वर्तमानपत्र नव्हतें आणि जेथील पुष्कळ नागरिकांस वाचतांहि येत नव्हतें, तेथील साधा मनुष्य राज्यकारभारासंबंधीं आपलें मत कशावरून बनवीत असेल? टायबेरियस ग्रॅकस ह्या रोमन पुरुषाचें चरित्र पाहिलें म्हणजे ह्याचा बराच उलगडा होतो.

टायबेरियसाचा जन्म इ. स. पूर्वीं १६३ च्या सुमारास झाला. हॅनिबालचा पराभव करणाऱ्या सिपिओची कन्या कॉर्नेलिया ही त्याची माता. पति निवर्तल्यावर तिनें पुनर्विवाह न करितां मुलांचें शिक्षण स्वतः पाहिलें. इ. स. पूर्वीं १३७ सालीं स्पेनमध्यें न्युमान्शियाच्या लोकांनीं रोमन सैन्यास कोंडींत धरिलें, तेव्हां टायबेरियसानें तह घडवून सुमारें २०,००० शिपायांचे प्राण वांचविले. सीनेटनें तो तह लाजिरवाणा ठरवून मोडला. पण ज्या घरीं पुत्र जिवंत परतला त्या घरास सीनेटच्या ठरावाशीं काय कर्तव्य? शिपायांचे सगेसोयरे टायबेरियसाच्याच बाजूचे झाले.

त्या काळीं इटलींतील सरकारी जमीन श्रीमंतांनीं बळकाविली होती व तिच्यावर परदेशी गुलाम राबत असत. इ. स. पूर्वीं १३३ सालीं टायबेरियस लोकांचा प्रतिनिधि, म्हणजे ट्रिब्यून, झाला. आणि अशी जमीन कोणीं ५०० युगेरांहून, म्हणजे सुमारें ३०० एकरांहून, अधिक ठेवूं नये, उरलेली गरिबांस वांटावी, असा कायदा त्यानें मांडला. हें त्यास सुचविलें कोणीं? कोणी त्याच्या गुरूंचें नांव घेत, कोणी आईचें; परंतु प्लुटार्क लिहितो कीं, ओसऱ्यांवर, भिंतींवर व स्मारकांवर अक्षरें लिहून लोकांनींच त्यास ह्या कार्यास प्रवृत्त केलें. भिंतींवर लिहूं नये असें आम्ही शिक्षक नेहमीं सांगतों. पण रोमच्या गरिबास दुसरें साधन नव्हतें.

कारण फोरममधील ओट्यावरून अधिकारी भाषण करीत, तेव्हां लोकांनीं उभें राहून ऐकावें, फार तर गलका करावा, एवढेंच. सभा बोलावणाराच्या परवानगीवांचून कोणास बोलतां येत नसे. कायद्याचा मसुदा मतदानापूर्वीं जाहीर होई, आणि दर आठ दिवसांनीं भरणाऱ्या बाजारास आलेला खेडूत तो कोणाकडून तरी समजून घेई. मत मात्र तोंडानें उघड सांगावें लागे. कायद्यांसाठीं चिठ्ठीनें गुप्त मत देण्याची रीत इ. स. पूर्वीं १३१ मध्यें सुरू झाली. धनिकाच्या देखत त्याच्याविरुद्ध बोलणें ऋणकोस सोपें नव्हे. तरीहि खेड्यांतून लोकांच्या झुंडी आल्या.

ऑक्टेव्हियस ह्या दुसऱ्या ट्रिब्यूननें कायदा अडविला, तेव्हां त्यास पदच्युत करण्याचा प्रश्न टायबेरियसानें लोकांपुढें ठेविला. ३५ गणांपैकीं १७ गणांचीं मतें विरुद्ध पडल्यावर तो थांबला व आपल्या ह्या मित्राची विनवणी करूं लागला. ऑक्टेव्हियस डळमळला, पण धनिकांकडे दृष्टि जातांच लाजला. अठराव्या गणानें निकाल लावला. कायदा चांगला होता. परंतु त्यासाठीं सहकाऱ्याचा अधिकार हिरावून घेणें मला योग्य वाटत नाहीं.

पुढील वर्षाच्या निवडणुकीस तो पुन्हां उभा राहिला. ते दिवस सुगीचे. त्याचे शेतकरी शेतांत गुंतलेले. मतदानाच्या दिवशीं गलक्यांत शब्द ऐकूं जाईना, म्हणून जिवास धोका आहे अशी खूण करण्यासाठीं त्यानें डोक्यास हात लाविला. तोंच कोणी सीनेटकडे धांवत जाऊन तो राजमुकुट मागत आहे असें सांगितलें. राजा हा शब्दच रोमनांस असह्य! नासिकाच्या मागोमाग सीनेटर निघाले आणि बांकांचे पाय हातीं घेऊन त्यांनीं व त्यांच्या लोकांनीं टायबेरियसास व त्याच्या ३०० हून अधिक अनुयायांस ठार केलें. प्रेतें रात्रीं टायबर नदींत टाकण्यांत आलीं. भावानें प्रेत मागितलें, तेंहि मिळालें नाहीं.

लोक मात्र विसरले नाहींत. नासिका रस्त्यांत दिसला कीं ते त्यास उघड खुनी म्हणत. शेवटीं सीनेटनें त्यास आशिया प्रांतीं धाडलें, व तेथें पर्गामम येथें तो मरण पावला. धाकटा भाऊ गायस ह्यानेंहि तेंच कार्य पुढें चालविलें आणि इ. स. पूर्वीं १२१ सालीं प्राण गमाविले. पुढें लोकांनीं दोघां भावांचे पुतळे उभारले, आणि ज्या जागीं ते पडले तेथें प्रत्येक ऋतूचीं पहिलीं फळें आणून ते ठेवूं लागले.