तडीपारीला थेट सुप्रीम कोर्टात आव्हान देणारे डॉ. खरे कोण होते? केस हरले, पण हक्काचं माप मिळालं

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्याला तडीपारीचा आदेश मिळाला की त्याचा वकील शेवटचा पर्याय म्हणून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचं नाव घेतो. आदेश योग्य होता का, हे कोर्ट ज्या मापाने तपासतं, त्याच्या मुळाशी नागपूरच्याच एका डॉक्टरची केस आहे. त्यांचं नाव डॉ. नारायण भास्कर खरे.

कोण होते डॉ. खरे?

जन्म 1884, पनवेल. लाहोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी नागपुरात डॉक्टरकी केली आणि पुढे काँग्रेसमध्ये आले. 1937 मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. यवतमाळ तेव्हा याच प्रांतात होतं. सहकारी मंत्र्यांशी आणि पक्षश्रेष्ठींशी बिनसल्यामुळे वर्षभरातच, 1938 मध्ये, त्यांचं पद गेलं. नंतर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, अलवर संस्थानाचे पंतप्रधान झाले आणि पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष.

नेमकं काय घडलं?

1950 च्या सुरुवातीला पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, वातावरण तापलेलं होतं. 31 मार्चला दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी डॉ. खरेंना दिल्ली सोडण्याचा आणि तीन महिने न परतण्याचा आदेश दिला. त्यांच्या कारवायांमुळे दोन समाजांत द्वेष पसरतो, असं सरकारचं म्हणणं होतं. आदेश पूर्व पंजाबच्या 1949 च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली होता. राज्यघटना लागू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

एकेकाळी सरकार चालवलेला हा माणूस आता सामान्य नागरिक म्हणून कलम 32 खाली थेट सुप्रीम कोर्टात गेला. देशात कुठेही फिरण्याचा हक्क कलम 19 देतं, मग एक अधिकारी तो असा काढून घेऊ शकतो का, हा प्रश्न होता.

निकाल काय लागला?

26 मे 1950 रोजी पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी कायदा वैध ठरवला. डॉ. खरे हरले. ज्याच्यावर आदेश निघतो त्याला बाजू मांडण्याची पुरेशी हमी या कायद्यात नाही, असं उरलेल्या दोघांचं मत होतं.

पण याच निकालात एक तत्त्व ठरलं. बंधन वाजवी आहे का हे पाहताना कायद्याचा मजकूरच नाही, तर तो राबवण्याची पद्धतही कोर्ट तपासणार. 1952 मध्ये मद्रासच्या व्ही. जी. राव खटल्यात कोर्टाने याच केसचा आधार घेतला. तिथे संघटनेला बेकायदा ठरवणारी तरतूद रद्द झाली.

आज याचा उपयोग काय?

महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार तडीपारीआधी आरोपांचं स्वरूप सांगणारी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं, त्यानंतर हायकोर्ट आहेच. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, तो जपूनच वापरावा, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात बजावलं.

डॉ. खरे पुढे ग्वाल्हेरमधून लोकसभेवर निवडून गेले. 1970 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं राजकारण अनेकांना पटलं नाही. पण नोटीस हातात पडल्यावर बाजू मांडायला मिळाली का, हा प्रश्न आज कुणीही विचारू शकतो, मग त्याचं राजकारण काहीही असो.