निर्मलजीत सिंग सेखों

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों (मृत्यू : १४ डिसेंबर १९७१) हे भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक होते. परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले हवाई दलातील ते आजवरचे एकमेव अधिकारी होत.

त्यांचा जन्म पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात इसेवाल या गावी झाला. वडील त्रिलोक सिंग हेही हवाई दलातच होते. जून १९६७ मध्ये निर्मलजीत हवाई दलाचे अधिकारी झाले व पुढे १८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये नॅट विमाने चालवू लागले. नॅट हे आकाराने लहान, पण वळण्यात अतिशय चपळ असे विमान होते.

श्रीनगरचे संरक्षण

१९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय समझोत्यामुळे श्रीनगर येथे लढाऊ विमाने ठेवली जात नसत. १९७१ च्या युद्धाला तोंड फुटले तेव्हा कुठे नॅटची तुकडी तेथे तैनात झाली. साहजिकच सेखों यांना तो डोंगराळ प्रदेश अनोळखी होता. तेथील उंचीची आणि बोचऱ्या थंडीचीही सवय नव्हती. भोवतालच्या पर्वतरांगांमुळे शत्रूची विमाने अगदी जवळ येईपर्यंत त्यांची चाहूल लागणे कठीण असे.

१४ डिसेंबरच्या सकाळी पेशावरहून आलेल्या सहा सेबर विमानांनी श्रीनगरच्या विमानतळावर हल्ला चढवला. फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन यांचे विमान आधी उडाले. पाठोपाठ सेखों निघाले, तेव्हा धावपट्टीवर बॉम्ब पडत होते. धूसर हवेत दोघांची ताटातूट झाली आणि सेखों एकटे उरले. तरीही त्यांनी दोन सेबर विमानांचा पाठलाग करून त्यांवर मारा केला. उरलेली विमाने मग त्यांच्यावर तुटून पडली. झाडांच्या शेंड्यांइतक्या कमी उंचीवर ही झुंज चालली. अखेर त्यांचे नॅट कोसळले. बराच शोध घेऊनही त्यांचा मृतदेह सापडला नाही.

भारतीय मानपत्रानुसार एका सेबरवर गोळे लागले, दुसरे पेटले. पाकिस्तानने मात्र विमाने गमावल्याचे मान्य केलेले नाही. हा वाद बाजूला ठेवला तरी हल्लेखोर माघारी फिरले आणि शहर व विमानतळ बचावले, ही नोंद अधिक महत्त्वाची आहे.

सन्मान

सेखों यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटास सेखों यांचे नाव देण्यात आले.