पिकण्याची वेळ हेरणारा माळी

कॅलिफोर्नियातील सेबॅस्टोपोल या गावाजवळच्या ‘गोल्ड रिज’ बागेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक विचित्र दृश्य पाहावयास मिळे. हातांनी परागीकरण करून, बिया रुजवून, वर्षानुवर्षे जोपासलेली हजारो रोपे उपटून त्यांचे ढीग रचले जात आणि त्यांना आग लावली जाई. त्या हजारोंमधून दोन-चार झाडे तेवढी वाचत. कोणती वाचवायची हे ठरवणारा माणूस रांगांमधून चालत जाई, फळ हाती घेई, हुंगे, चाखे आणि क्षणात निर्णय देई. त्याच्या खुणेसरशी निवडलेल्या झाडाला कापडाची पट्टी बांधली जाई. तो माणूस म्हणजे ल्यूथर बरबँक. फळ कसे असावे याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ते केव्हा पिकावे याचा ध्यास त्यांनी घेतला होता.

बरबँक यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लँकेस्टर येथे, एका शेतकऱ्याच्या भल्यामोठ्या कुटुंबात झाला. शिक्षण गावातील शाळेपुरतेच झाले. मात्र पाळीव प्राणी व लागवडीखालील वनस्पती यांत होणाऱ्या बदलांविषयीचा चार्ल्स डार्विन यांचा १८६८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांच्या हाती आला आणि आयुष्याची दिशा ठरली. वडिलांच्या निधनानंतर वारशाच्या पैशातून त्यांनी लुनेनबर्ग येथे १७ एकर जमीन घेतली. तेथे बटाट्याच्या झुडपाला क्वचितच धरणारे बोंड त्यांच्या नजरेस पडले. त्यातील २३ बियांपासून त्यांनी रोपे तयार केली आणि त्यांतून एक उत्कृष्ट वाण हाती लागला. अवघ्या दीडशे डॉलर्सना त्याचे हक्क विकून १८७५ साली हा तरुण कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे येऊन स्थिरावला. त्या बटाट्यातूनच पुढे निपजलेला खरखरीत सालीचा ‘रसेट बरबँक’ अमेरिकेत फ्रेंच फ्राइजसाठी आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

सांता रोझातील पहिली काही वर्षे हलाखीची गेली. नाव झाले ते १८८१ साली. वॉरन डटन या धनिकाला सुकवणीच्या प्लमची वीस हजार कलमे एकाच हंगामात हवी होती. प्लमचे खुंट इतक्या लवकर तयार होणे शक्यच नव्हते. बरबँक यांनी बदामाच्या बिया रुजवल्या, कारण बदाम झपाट्याने वाढतो आणि तो प्लमचा जवळचा नातेवाईक आहे. उन्हाळ्यात त्या कोवळ्या खुंटांवर प्लमचे डोळे बांधले गेले आणि वर्ष सरण्यापूर्वी जवळजवळ सर्व कलमे डटन यांच्या स्वाधीन झाली. वनस्पतीच्या वेळापत्रकात माणसाला हात घालता येतो, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

कॅलिफोर्नियाच्या फळबागाईतदारांपुढे त्या काळी हाच प्रश्न उभा होता. रेल्वेमुळे पूर्वेकडील मोठ्या शहरांची बाजारपेठ खुली झाली होती. पण तेथे पोहोचेपर्यंत मऊ फळ नासून जाई. शिवाय सगळ्यांच्या बागा एकाच वेळी पिकल्या की भाव कोसळत. आठवडाभर आधी किंवा नंतर तयार होणाऱ्या फळाला त्यामुळे सोन्याचे मोल होते. १८८५ साली जपानहून आलेल्या प्लमच्या बारा रोपांपासून बरबँक यांनी संकरांची मालिका सुरू केली. फुलाच्या कळीतील पुंकेसर पाकळ्यांसह कापून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग घड्याळाच्या काचेत गोळा करून बोटाच्या टोकाने स्त्रीकेसरावर लावायचे, अशी त्यांची साधी पद्धत होती. बी रुजल्यावर फळ धरण्याची वाट पाहण्यात वर्षे जातात; म्हणून रोपाची काडी ते मोठ्या झाडावर कलम करीत. एकेका झाडावर शेकडो निरनिराळ्या संकरांच्या फांद्या डोलत. या खटपटीतून ‘विक्सन’, ‘क्लायमॅक्स’, ‘ब्यूटी’ असे प्लम आले आणि १९०६ साली आला तो ‘सांता रोझा’. जूनअखेरीस पिकणाऱ्या, सुगंधी व लालबुंद अशा या प्लमने त्यांचे नाव जगभर नेले. अर्धशतकाच्या कारकिर्दीत त्यांनी आठशेहून अधिक नवे वाण दिले.

कीर्ती शिगेला पोहोचली तेव्हा विज्ञानजगतानेही त्यांची दखल घेतली. नेदरलँड्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस त्यांची बाग पाहण्यास आले. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९०५ पासून दरसाल दहा हजार डॉलर्सचे अनुदान दिले आणि बरबँक यांच्या कामाची शास्त्रीय नोंद करण्यासाठी जॉर्ज शल या तरुण शास्त्रज्ञाला पाठवले. येथेच त्यांच्या आयुष्यातील खरी शोकांतिका सुरू होते. कोणत्या झाडाचा कोणाशी संकर झाला, किती रोपे निघाली, त्यांतील किती लवकर पिकली, किती उशिरा, याच्या व्यवस्थित नोंदी बरबँक ठेवतच नसत. नापसंत रोपे जाळली जात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही राख होई. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा प्रकाशात आले होते. त्या नियमांचा आधार घ्यायचा तर टाकाऊ रोपांचीही मोजदाद हवी. बरबँक यांना मात्र निवडलेल्या झाडातच रस होता. शिवाय परिस्थितीमुळे अंगी आलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात या जुन्या समजुतीला ते चिकटून राहिले. पाच वर्षांनी अनुदान बंद झाले आणि शल यांचा अपेक्षित अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही. त्याच शल यांनी मक्याच्या संकरित बियाण्याचा पाया घातला.

पुढील काळ मनस्तापाचा ठरला. काटे नसलेल्या निवडुंगाचा गाजावाजा होऊन सट्टेबाजी झाली. त्यांच्या नावाने निघालेली कंपनी बुडाली. जानेवारी १९२६ मध्ये धर्माविषयीची आपली परखड मते त्यांनी एका वृत्तपत्राला सांगितली आणि देशभरातून पत्रांचा भडिमार झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, ११ एप्रिल १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. सांता रोझातील राहत्या घराच्या आवारातच, देवदाराच्या झाडाखाली त्यांना चिरविश्रांती मिळाली. परमहंस योगानंद यांच्याशी त्यांचा स्नेह होता. मराठीत ‘योगी कथामृत’ म्हणून परिचित असलेले, १९४६ सालचे आपले आत्मचरित्र योगानंदांनी बरबँक यांच्या स्मृतीस अर्पण केले आहे.

हयातीत त्यांना आपल्या वाणांवर कायदेशीर हक्क मिळाला नाही. वनस्पतींच्या पेटंटचा अमेरिकी कायदा १९३० साली झाला आणि त्यानंतर त्यांच्या नावे मरणोत्तर सोळा पेटंटे नोंदली गेली. त्यांच्या बागेतील पीचचा ‘जुलै एल्बर्टा’ हा वाणही त्यांच्या पश्चात बाजारात आला. मूळ ‘एल्बर्टा’च्या आधी तयार होतो, हे नावातच सांगणारा हा पीच पुढे हिमाचल प्रदेशातील बागांतही रुजला. ‘सांता रोझा’ प्लमही तेथे घेतला जातो.

बरबँक नेमके काय निवडत होते, याचे उत्तर एकविसाव्या शतकात मिळू लागले. पीचचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला. पीच केव्हा पिकणार हे ठरवण्यात त्याच्या चौथ्या गुणसूत्रावरील एका भागाचा मोठा वाटा असतो आणि तेथील ‘नॅक’ कुळातील एका जनुकाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. इतर जनुकांना चालना देणारे हे जनुक. त्याच्या रूपात लहानसा फरक पडला तरी तोडणीचा काळ पुढेमागे सरकतो. तेथील एक तुकडाच गळालेला वारसा आईबाप दोघांकडून आला, तर फळ झाडावर लटकून राहते, पण पिकतच नाही. आणखी एका प्रकारच्या पीचमध्ये ऑक्सिन या संप्रेरकाची ऐनवेळी होणारी वाढच होत नाही; परिणामी इथिलीन वायू तयार होत नाही आणि फळ टणक राहते. आढीतल्या एका पिकल्या आंब्यामुळे शेजारचे आंबे पिकू लागतात, तो हाच वायू.

‘सांता रोझा’ची कथा याहून बोलकी आहे. या झाडाच्या एखाद्या फांदीत आपोआप बदल होऊन उशिरा पिकणारे नवे प्रकार वेळोवेळी सापडत गेले. त्याच कुळातील ‘स्वीट मिरियम’ हा प्लम मूळ वाणानंतर कित्येक आठवड्यांनी तयार होतो. पिकताना ‘सांता रोझा’त इथिलीनची लाट उसळते, तर ‘स्वीट मिरियम’मध्ये ती उसळतच नाही. दोघांचा वारसा जवळजवळ एकच असल्याने पिकण्याचे कोडे उलगडण्यासाठी कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी हीच जोडी अभ्यासाला घेतली. शल यांना ज्या नोंदी कागदावर मिळाल्या नाहीत, त्यांतील काही अशा रीतीने झाडाच्या पेशींतून वाचता आल्या.

तरीही झालेली हानी भरून निघणारी नाही. जळालेल्या हजारो रोपांत कोणती जनुके होती, कोणते फळ महिनाभर लवकर किंवा उशिरा पिकले असते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आजचा संशोधक कोवळ्या रोपाचे पान तपासून त्याचे फळ साधारण कोणत्या सुमारास तयार होईल याचा अंदाज बांधू शकतो; बरबँक यांना त्यासाठी फळ धरेपर्यंत थांबावे लागे. त्यांच्या जिभेने आणि डोळ्यांनी केलेली निवड मात्र दर जूनमध्ये फांद्यांवर लगडलेली दिसते. नोंदवहीत न उतरलेले त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले; कलमांच्या रूपाने हातोहात पुढे गेले तेवढे टिकले.