नरसीचा नामा

परतवारीच्या एकादशीला नरसीला गेलो नाही, असे आमच्या घरात सहसा होत नसे. कयाधूच्या काठी गर्दीतून वाट काढताना आजी माझा हात घट्ट धरी आणि नामदेवांची गोष्ट सांगे. ती गोष्ट दरवर्षी नैवेद्याच्या ताटापासूनच सुरू होई.

शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० च्या कार्तिक शुद्ध एकादशीला दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी नामदेव जन्मले, अशी परंपरा आहे. जन्मगाव नरसी-बामणी. ही नरसी आपली, की कऱ्हाडकडची, की जन्म पंढरपुरातच झाला, यावर पंडितांचे एकमत नाही. आम्ही हिंगोलीकर त्या वादात पडत नाही. हा आमचा पक्षपात समजावा. बालपण पंढरपुरात गेले, यावर मात्र फारसा वाद नाही.

वडील परगावी गेलेले. आईने नैवेद्य देऊन पोराला देवळात पाठविले. देव रोज जेवतो, अशी त्याची समजूत. पण आज देव जेवेना! पोर रडले, विनवू लागले, शेवटी पायाशी डोके आपटू लागले. मग देव जेवला म्हणतात. रिकामे ताट पाहून गोणाईला ते काही खरे वाटेना. चमत्कार मानावा की न मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाबांच्या हातचे खाणारा देव माझ्या हातचे का खात नाही, हा त्या पोराचा कासाविसपणा मात्र मला आजही खरा वाटतो.

पुढे शिवणकाम, कापडविक्री यांत नाम्याचे लक्ष लागेना. बाजारात त्याने कापड चक्क दगडांना उधार दिल्याची कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’त आहे. आपण हसतो, गोणाईला हसू कसे यावे? नामदेवांच्या नावावरील आत्मचरित्रपर अभंगांत ही माउली थेट विठ्ठलाशीच भांडते, माझे पोर परत दे म्हणते. पत्नी राजाईचेही तेच गाऱ्हाणे. मराठीतले पहिले आत्मचरित्र म्हणून या अभंगांचा गौरव होतो. त्यांतले नामदेवांचे कोणते आणि पुढे झालेल्या विष्णुदास नाम्याचे कोणते, हे निवडणे अवघड आहे. तरीही घरच्यांची बाजू त्यांत झाकलेली नाही, हे मला मोठे वाटते.

गोरा कुंभारांनी कच्चे मडके ठरविल्यावर ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेकडे निघाले, ते थेट पंजाबात घुमानपर्यंत. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. १३५० साली पंढरपुरी महाद्वारातल्या पायरीशी त्यांनी देह ठेवला.

आज नरसीला गुरुद्वाराही आहे. वारीहून परतलेले टाळकरी आणि पगडीधारी पंजाबी भाविक तिथे एकाच नाम्यासाठी येतात. आजी त्यांनाही वाकून नमस्कार करी आणि पुन्हा नैवेद्याच्या ताटाकडे वळे.